मतपेटीतलं मत, तोंडातलं मत (मिशिगनहून)

हिमवाट (धागाकर्ता)

गेल्या आठवड्यात मेलबॉक्समध्ये एक पत्र आलं. पिझ्झाच्या कुपनांच्या गठ्ठ्यात होतं, रद्दीत टाकणारच होतो. पण वर माझं आणि बायकोचं नाव छापलेलं, आणि नावांपुढे रकाने आखलेले. कुठल्या निवडणुकीत कोणी मतदान केलं, कोणी नाही. खाली नम्र भाषेत दम : या खेपेला चुकवू नका, मतदान झाल्यावर आम्ही पुन्हा नोंदी बघणार आहोत.

मंडळी, अमेरिकेत मत कुणाला दिलं ते गुप्त असतं. दिलं की नाही, ते गुप्त नसतं. ती नोंद सरकारी यादीत असते आणि पक्षवाले, संस्थावाले, अभ्यासक ती मागवून घेतात. सिटिझन होऊन इतकी वर्षं झाली, हे मला ऐकून माहीत होतं. आपलंच प्रगतिपुस्तक हातात पडल्यावर मात्र वेगळं वाटलं. बायकोने ते शांतपणे फ्रिजवर मॅग्नेटखाली लावलं. अजून तिथेच आहे.

ही युक्ती शोधून काढली तीही आमच्याच राज्यात. २००६च्या ऑगस्टमधल्या प्रायमरीआधी (प्रायमरी म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणारी निवडणूक) अ‍ॅलन गर्बर, डोनाल्ड ग्रीन आणि क्रिस्टोफर लॅरिमर या तिघांनी मिशिगनमधली १ लाख ८० हजार कुटुंबं घेतली. काहींना काहीच पाठवलं नाही. काहींना 'मतदान हे कर्तव्य आहे' असं सुविचारछाप पत्र. काहींना घरातल्यांचीच मतदानाची नोंद. आणि काहींना घरातल्यांची अधिक शेजाऱ्यापाजाऱ्यांची, नावानिशी, वर 'निवडणुकीनंतर सुधारित तक्ता पाठवू' हे आश्वासन. ज्यांना काही पाठवलं नव्हतं त्यांच्यात २९.७ टक्के मतदान झालं. सुविचारवाल्यांत ३१.५. शेजाऱ्यांचा तक्ता मिळालेल्यांत ३७.८! एका कागदाने आठ टक्क्यांचा फरक. फोन करकरून इतकी वाढ मिळत नाही.

आपल्या आया ज्याला 'लोक काय म्हणतील' म्हणायच्या, ते या तिघांनी मोजून दाखवलं. व्यक्तिस्वातंत्र्याच्या या देशात शेजारच्या काकूंचा धाक चालतो, हे वाचून मला फार घरच्यासारखं वाटलं.

आता मुद्द्याकडे. इथे सकाळ-संध्याकाळ टीव्हीवर 'अमेरिकन जनतेला असं वाटतं' हे वाक्य असतं. मध्यावधीचं (अध्यक्षाच्या कारकिर्दीच्या मध्यावर होणाऱ्या निवडणुकीचं) वारं सुटलं की त्याला ऊत येतो. आणि मला दिवसेंदिवस असं वाटायला लागलंय की जनतेला 'वाटणं' ही काही कपाटात घडी करून ठेवलेली वस्तू नव्हे, की चाचणीवाल्याने दार उघडलं आणि बघून घेतली. बहुतेकांच्या डोक्यात आधी पक्ष असतो, मग पक्षाला साजेल असं मत तयार होतं.

हेही आमच्या गावच्याच लोकांचं म्हणणं. अ‍ॅन आर्बरच्या मिशिगन विद्यापीठात अँगस कँपबेल, फिलिप कॉन्व्हर्स आणि मंडळींनी १९५०च्या दशकात हजारो मतदारांना भेटून बघितलं. धोरणांचा ताळेबंद मांडून मत देणारे त्यांना मूठभर सापडले. बाकीच्यांचा पक्ष म्हणजे जवळजवळ कुळाचार : आईबापांकडून आलेला, लहानपणीच चिकटलेला, तरुणपणी थोडा डळमळणारा आणि चाळिशीनंतर घट्ट बसणारा. आपण देवघरातले देव बदलत नाही तसं.

तेव्हा निदान दुसऱ्याच्या देवांचा राग नव्हता. १९६०मध्ये विचारलं होतं की तुमच्या मुलामुलीने दुसऱ्या पक्षाच्या घरात सोयरीक केली तर वाईट वाटेल का? 'हो' म्हणणारे दोन्हीकडे पाच टक्क्यांच्या आसपास. २०१०मध्ये साधारण तसाच प्रश्न विचारला, तर रिपब्लिकनांतले जवळजवळ निम्मे आणि डेमोक्रॅटांतले एक तृतीयांश 'हो' म्हणाले. याच काळात वंशाबाहेरच्या लग्नाला असलेला विरोध ओसरत गेला. म्हणजे 'जात बघू नका' म्हणणाऱ्या समाजाने नवी जात काढली आणि पत्रिकेत पक्ष बघायला लागला.

आमच्या समोर एक आजोबा राहतात. चाळीस वर्षं मोटारीच्या कारखान्यात काढली, बर्फ पडला की न सांगता माझाही ड्राइव्हवे साफ करतात. देवमाणूस. २०२४च्या ऑक्टोबरात त्यांच्या मते देश कंगाल झाला होता. जानेवारीत भेटले तर म्हणे आता सावरतंय. मधल्या काळात अंडी उलट महागच झाली होती! हसू नका, कारण माझी बायको याच्या बरोबर उलट. बायडन असताना 'महागाई जगभर आहे रे', आणि आता दुकानातून आली की बिल ओट्यावर आपटते. हे दोघं अपवाद नाहीत. अ‍ॅन आर्बरमध्येच ग्राहकांच्या मनःस्थितीची पाहणी दर महिन्याला होते. २०१६, २०२०, २०२४, तिन्ही वेळा निकाल लागल्यावर काही आठवड्यांत एका पक्षाचे लोक आशावादी आणि दुसऱ्या पक्षाचे निराश झाले. पगार तोच, घराचा हप्ता तोच.

मग प्रश्न पडतो की पक्ष इतके घट्ट असतील तर मिशिगन दर वेळी कूस कसं बदलतं? २०१६मध्ये ट्रम्प इथे १०,७०४ मतांनी जिंकले. सबंध राज्यात! २०२०मध्ये बायडन सुमारे दीड लाखाने. २०२४मध्ये पुन्हा ट्रम्प, सुमारे ८० हजाराने. त्याच दिवशी त्याच मतपत्रिकेवर सिनेटला एलिसा स्लॉटकिन, डेमोक्रॅट, सुमारे १९ हजारांनी निवडून आल्या. पन्नास-पंचावन्न लाख मतांत हे फरक म्हणजे आमटीत मीठ. पण चव तेवढ्यानेच बदलते.

तुमच्या गावाला काय दिसतं ते लिहा. भांडण चालेल, व्हॉट्सअ‍ॅपवरचे ढकललेले निरोप चालणार नाहीत.

---

पाटपोळी

पहिली! आमच्या कोथरूडच्या सोसायटीत कोणी असा तक्ता लावला तर मतदान वाढेल की नाही माहीत नाही, सेक्रेटरीची गाडी मात्र पंक्चर होईल. मेंटेनन्स थकवलेल्यांची यादी लावली तेव्हा काय झालं ते आठवतंय.

अवांतर : त्या पत्रात तुमच्या नावापुढे काय होतं ते सोयीस्करपणे लिहिलेलं नाहीत.

---

हिमवाट

@पाटपोळी, :) तक्त्याचा राग इथेही येतो. म्हणून उमेदवार स्वतःच्या नावाने असं पत्र पाठवायला कचरतात. कुठल्यातरी अगम्य नावाच्या संस्थेकडून येतं, आणि हल्ली शेजाऱ्यांची नावं सहसा नसतात, फक्त 'तुमच्या भागाची सरासरी' असते.

---

आकडेमोड

छान लिहिलंय. चाचण्यांवर थोडी भर घालतो, पोटापाण्याचा विषय आहे.

लोकांना वाटतं चाचणी चुकते कारण 'एवढ्याशा हजार लोकांना विचारून काय कळणार'. हजार पुष्कळ झाले. शितावरून भाताची परीक्षा आपल्याकडे कधीपासून होते, पातेलं केवढं आहे याने फरक पडत नाही. फरक पडतो शीत कुठून उचललं याने. वरचा भात मोकळा आणि तळाचा लागलेला असेल तर वरून शंभर शितं उचललीत तरी तळाचं कळणार नाही.

यातलं सगळ्यात गाजलेलं फजितीचं प्रकरण १९३६चं. लिटररी डायजेस्ट नावाच्या साप्ताहिकाने एक कोटी मतपत्रिका टपालाने पाठवल्या. सुमारे २४ लाख परत आल्या. निष्कर्ष : रिपब्लिकन आल्फ लँडन ५७ टक्के मतं घेऊन जिंकणार. प्रत्यक्षात रूझवेल्टनी ४८पैकी ४६ राज्यं घेतली; लँडनना मेन आणि व्हरमाँट मिळाली, बस्स. पत्ते काढले होते टेलिफोनच्या डिरेक्टरीतून आणि मोटारींच्या नोंदणीतून. मंदीच्या काळात फोन आणि मोटार कोणाकडे? शिवाय ज्यांना रूझवेल्टचा राग होता तेच पत्रिका भरून परत पाठवायला जास्त उत्सुक. त्याच वेळी जॉर्ज गॅलपने कितीतरी लहान नमुन्यावर निकाल बरोबर सांगितला. दोन वर्षांत साप्ताहिक बंद पडलं.

गॅलपचं गर्वहरण १९४८मध्ये झालं. रिपब्लिकन उमेदवार ड्यूई जिंकणार असं सगळ्यांनीच धरलं, मतदानाच्या बरेच दिवस आधी विचारणंही थांबवलं. ट्रूमन जिंकले आणि 'ड्यूईने ट्रूमनला हरवलं' असा मथळा असलेला शिकागो ट्रिब्यून हातात धरून हसले.

आताची गोची वेगळी. माणसं फोनच उचलत नाहीत. प्यू या संस्थेच्या टेलिफोन पाहण्यांना १९९७मध्ये शंभरातले ३६ जण उत्तर देत. २०१८मध्ये ६. मग उरलेल्या ९४ जणांचं काय, हे गणिताने भरून काढावं लागतं : तरुण कमी आले तर आलेल्या तरुणांना जास्त वजन द्यायचं, तसं. २०१६मध्ये अनेक राज्यांतल्या चाचण्यांनी वय, वंश, लिंग सगळं तोललं, पण शिक्षण तोललं नाही. कॉलेजात गेलेले लोक चाचणीला उत्तर द्यायला जास्त तयार असतात, आणि नेमकं त्या वर्षी कॉलेजात गेलेले आणि न गेलेले यांची मतं दोन दिशांना फाकली. विस्कॉन्सिन, मिशिगन, पेनसिल्व्हेनिया तिन्ही मिळून जेमतेम ७८ हजार मतांनी ट्रम्पकडे गेली, आणि सगळ्यांची तोंडं काळी.

२०२०मध्ये शिक्षण तोललं. तरी राष्ट्रीय पातळीवरची चूक चाळीस वर्षांतली सगळ्यात मोठी निघाली! कारण आता वेगळाच घोळ : ज्याचा संस्थांवर, विद्यापीठांवर, माध्यमांवर विश्वास नाही तो फोन ठेवून देतो, आणि तो विश्वास नसणं हेच त्याच्या मताचं मूळ आहे. त्याच्याच वयाचा, शिक्षणाचा, गावचा दुसरा माणूस फोनवर बोलतो, पण तो बोलतो म्हणूनच वेगळा आहे. याला वजन कसलं देणार? २०२४मध्ये चूक कमी झाली, पण कल तिसऱ्यांदा त्याच बाजूला, ट्रम्पना कमी दाखवणारा.

आणि आयोवाचं काय सांगू. अ‍ॅन सेल्झर म्हणजे या धंद्यातलं आदराचं नाव. २०२४च्या शेवटच्या चाचणीत त्यांनी हॅरिस ३ टक्क्यांनी पुढे दाखवल्या. ट्रम्प १३ने जिंकले. त्यांनी फार शहाणपणा न करता, आलेल्या उत्तरांवर कमीत कमी हात फिरवून, जे आहे ते छापलं. वर्षानुवर्षं ते बरोबर यायचं. इतर काही जण आकडा वेगळा आला की इतरांच्या जवळ नेऊन ठेवतात, त्यापेक्षा मला हा प्रामाणिकपणा जास्त भावतो. चुकल्या तरी.

---

सरळरेघ

न्यू जर्सीहून. मी रिपब्लिकन आहे, आधीच सांगतो म्हणजे पुढच्यांचा वेळ वाचेल.

लेख चांगला आहे, पण त्याचा सूर मला खटकला. 'लोक विचार करत नाहीत, कुळाचार पाळतात.' हे विद्यापीठातले लोक सत्तर वर्षं म्हणत आलेत आणि दर वेळी त्यांचा रोख ज्यांनी त्यांच्या आवडीचं मत दिलं नाही त्यांच्याकडे असतो. अहो, मी माझ्या डॉक्टरवर विश्वास ठेवतो, प्रत्येक गोळीचं रसायन वाचत बसत नाही. पक्षावर विश्वास ठेवणं तसंच आहे. दोन नोकऱ्या करणाऱ्या माणसाने जकातीच्या धोरणाचा अभ्यास करून मत द्यावं ही अपेक्षा कोण करतं? ज्याला रिकामा वेळ आहे तो.

आमच्याकडची शार्क माशांची गोष्ट ऐका. जुलै १९१६मध्ये जर्सीच्या किनाऱ्यावर शार्कने चार जणांचा बळी घेतला. उन्हाळ्याचा धंदा बुडाला. क्रिस्टोफर एकेन आणि लॅरी बार्टेल्स या दोन प्राध्यापकांनी दाखवलं की नोव्हेंबरात किनाऱ्यावरच्या लोकांनी तेव्हाचे अध्यक्ष वुड्रो विल्सनची मतं कापली. विल्सनच्या हातात शार्क होते का? तर बघा, मतदार किती आंधळा! वर्गावर्गांत शिकवलं गेलं. मग अँथनी फाउलर आणि अँड्रू हॉल यांनी तेच पुन्हा तपासलं, इतर वर्षांचे आणि इतर ठिकाणचे शार्कहल्लेही घेतले, तर परिणाम टिकेना. मतदार आंधळा आहे हे ऐकायला आवडतं म्हणून ती गोष्ट एवढी पसरली, असं माझं म्हणणं.

आणि मराठी मंडळी काही एकगठ्ठा नाहीत. कार्नेगीच्या पाहणीत भारतीय अमेरिकनांपैकी २०२०मध्ये ७२ टक्के बायडनना आणि २२ टक्के ट्रम्पना मत देऊ म्हणत होते. २०२४मध्ये हॅरिसना ६१ आणि ट्रम्पना ३२. हॅरिसची आई तामिळनाडूची असूनही. चाळिशीच्या आतले पुरुष सगळ्यात जास्त सरकले. त्यांनी कुठला कुळाचार पाळला?

---

हिमवाट

@सरळरेघ, शार्कचं पटलं. ते मी लिहिणार होतो आणि दुसरी बाजू माहीत असल्याने गाळलं, हे कबूल.

पण तुमच्या डॉक्टरच्या उदाहरणात एक अडचण आहे. डॉक्टरने काल 'मीठ वाईट' आणि आज 'मीठ चांगलं' म्हटलं तर तुम्ही डॉक्टर बदलता. पक्षाचं उलटं होतं. मुक्त व्यापार ही रिपब्लिकनांची जुनी खूण, ट्रम्पनी जकातींचा झेंडा घेतला आणि त्यांच्या बहुतेक मतदारांनी मुक्त व्यापारावरचं मत बदललं. नेता बदलला नाही. आमच्या बाजूलाही असंच होतं, त्यात उजवं-डावं करण्यासारखं काही नाही. माझ्या बायकोचं बिल आपटणं मी मुद्दाम लिहिलं होतं.

आणि तुम्ही म्हणता तसे हलणारे लोक आहेतच. आमचं मॅकोम परगणं घ्या, डेट्रॉइटच्या उत्तरेला. मोटार कामगारांची वस्ती. १९६०मध्ये केनेडींना ६३ टक्के, १९८४मध्ये रेगनना ६६. स्टॅन्ली ग्रीनबर्ग नावाचे चाचणीकार १९८५मध्ये तिथे जाऊन बसले, युनियनच्या लोकांशी तासन्‌तास बोलले. 'रेगन डेमोक्रॅट' या शब्दाबरोबर मॅकोमचं नाव तेव्हापासून चिकटलं. लोकांच्या बोलण्यात धोरण कमी आणि 'हा पक्ष आता आमच्यासारख्यांचा राहिला नाही, त्या लोकांचा झाला' हे जास्त होतं, आणि 'ते लोक' म्हणजे बहुतेक वेळा डेट्रॉइटचे काळे. म्हणजे कुळाचार सोडतानाही माणूस 'आपले कोण' याच हिशेबाने सोडतो.

डिअरबॉर्न त्याहून ताजं. अरब अमेरिकनांचं गाव. २०२०मध्ये बायडनना जवळजवळ ७० टक्के. मग गाझा. फेब्रुवारी २०२४च्या प्रायमरीत मिशिगनमध्ये एक लाखावर लोकांनी बायडनऐवजी 'अनकमिटेड' (कुणालाच बांधील नाही) या चौकोनावर खूण केली. नोव्हेंबरात डिअरबॉर्नमध्ये ट्रम्प ४२ टक्के, हॅरिस ३६, ग्रीन पक्षाच्या जिल स्टाइन १८. त्या गावाने धोरण बघून मत फिरवलं हे मान्य करायलाच हवं, मग त्या धोरणाचं पुढे काय झालं ते काहीही असो.

---

भिडू_पार्ल्याचा

पॉपकॉर्न आणले आहेत. सरळरेघ विरुद्ध हिमवाट, चालू द्या.

बाकी चाचण्यांना काय नावं ठेवता, ४ जून २०२४ला आपल्याकडच्या एक्झिट पोलवाल्यांचे चेहरे बघितले होते ना. एक जण तर चालू कार्यक्रमात रडला.

---

अधांतरी

कॅन्ससहून. धाग्यात माझ्या राज्याची आठवण कोणालाच झाली नाही, कोणालाच कधी होत नाही.

पक्ष आणि मत यांची फारकत बघायची तर ऑगस्ट २०२२ बघा. सुप्रीम कोर्टाने जूनमध्ये रो विरुद्ध वेड हा गर्भपाताचा हक्क देणारा जुना निकाल रद्द केला. ऑगस्टात आमच्याकडे घटनादुरुस्तीवर मतदान होतं : गर्भपाताचा हक्क राज्याच्या घटनेतून काढायचा का? ट्रम्पना ५६ टक्के देणारं राज्य. सगळ्यांनी धरून ठेवलं होतं की दुरुस्ती पास होणार. ५९ विरुद्ध ४१ने फेटाळली गेली. त्या दिवशी मी रांगेत उभी होते. पुढच्या बाईच्या गाडीवर रिपब्लिकन आमदाराचं स्टिकर होतं. तिने काय मत दिलं ते मला माहीत नाही, पण आकडे सांगतात की तिच्यासारख्या पुष्कळ जणींनी 'नाही' म्हटलं.

मिसुरीत २०२४मध्ये तर एकाच मतपत्रिकेवर ट्रम्पना ५८ टक्के, किमान वेतन वाढवायला हो, आजारपणाच्या पगारी रजेला हो, गर्भपाताच्या हक्कालाही हो. फ्लोरिडात २०२०मध्ये ट्रम्प जिंकले आणि १५ डॉलर किमान वेतन ६१ टक्क्यांनी पास झालं. उमेदवाराच्या नावापुढे आर किंवा डी असतं. प्रस्तावापुढे काहीच नसतं, मग माणसाला नाइलाजाने प्रस्ताव वाचावा लागतो.

---

शब्दवेल

@अधांतरी, शेवटचं वाक्य फार आवडलं. त्याला जोडून 'नाव' या प्रकाराविषयी.

शिकागोहून चालणारी एक मोठी सामाजिक पाहणी आहे. त्यात निम्म्या लोकांना विचारतात, सरकार 'गरिबांना मदत' यावर फार कमी खर्च करतं का? साठ-पासष्ट टक्के म्हणतात, हो, फारच कमी. उरलेल्या निम्म्यांना तोच प्रश्न, फक्त 'गरिबांना मदत'च्या जागी 'वेल्फेअर' हा शब्द. लगेच वीस-पंचवीस टक्क्यांवर! १९८०च्या दशकापासून हा फरक दिसतोय. 'वेल्फेअर' म्हटलं की डोळ्यांपुढे एक विशिष्ट बाई, एक विशिष्ट मोहल्ला येतो. (मराठीत 'फुकटे' म्हणून बघा आणि 'गरजू' म्हणून बघा.)

२०१३मध्ये एका वाहिनीने निम्म्यांना 'ओबामाकेअर'बद्दल आणि निम्म्यांना 'अफोर्डेबल केअर अ‍ॅक्ट'बद्दल विचारलं. आरोग्यविम्याचा कायदा एकच. पहिल्याला विरोध ४६ टक्के, दुसऱ्याला ३७.

आणि कळस म्हणजे सिनसिनाटीचा प्रयोग. १९७०च्या दशकात जॉर्ज बिशप आणि सहकाऱ्यांनी '१९७५चा पब्लिक अफेअर्स अ‍ॅक्ट' रद्द करावा का असं विचारलं. सुमारे एक तृतीयांश लोकांनी ठाम मत दिलं. असा कायदाच नव्हता.

---

सरळरेघ

सिनसिनाटीच्या त्या एक तृतीयांशात आमच्या इथल्या मंडळाच्या कार्यकारिणीतले किमान चार जण असणार. ढोल पथकाच्या ठरावावर न वाचता सूचक-अनुमोदक झाले होते.

हिमवाट, जकातीचं लागलं मला. खरंय, मी २०१२मध्ये मुक्त व्यापारावर तावातावाने बोलायचो. पण मी मत बदललं ते कारखाने गेलेली गावं बघून, असं मला वाटतं. आता तुम्ही म्हणाल, असं प्रत्येकालाच वाटतं.

---

हिमवाट

म्हणणारच होतो. :)

---

चिकोडीची_चटणी

मिशिगनचा धागा आणि श्री ठाणेदारांचं नाव नाही? चिकोडीत जन्मलेला, बेळगावात वाढलेला मराठी माणूस डेट्रॉइटमधून अमेरिकन काँग्रेसमध्ये (संसदेत) आहे!

---

हिमवाट

@चिकोडीची_चटणी, बरी आठवण केलीत. २०१८मध्ये ते गव्हर्नरपदाच्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत उतरले, स्वतःचे पैसे ओतून. टीव्ही लावला की ठाणेदार. सुरुवातीच्या चाचण्यांत चक्क चांगले पुढे होते. लोकांनी इतर नावं अजून ऐकलीच नव्हती. ऑगस्टात ग्रेचन व्हिटमर जिंकल्या, हे तिसरे. चाचणीत 'माहीत असलेलं नाव' आणि 'पसंतीचं नाव' यांत किती अंतर असतं याचं हे चांगलं उदाहरण. नंतर २०२०मध्ये राज्याच्या विधिमंडळात आणि २०२२मध्ये काँग्रेसमध्ये गेले. ज्या डेट्रॉइटने अनेक दशकं काळा प्रतिनिधी पाठवला तिथून, तेही भरगच्च उमेदवारांच्या प्रायमरीत मतं फुटल्यामुळे. त्यावरून शहरात नाराजी होती आणि आहे, तीही समजण्यासारखी आहे. आपला माणूस म्हणून ऊर भरून येतो हे खरं, पण त्या भरून येण्याला वर आपण काय नाव दिलं होतं?

---

पाटपोळी

कुळाचार.

---

आकडेमोड

एक राहिलं. धाग्याची सुरुवात मतदानाच्या नोंदीने झाली म्हणून. निवडणूक झाल्यावर 'तुम्ही मतदान केलंत का' असं विचारलं तर हो म्हणणारे प्रत्यक्ष मतदानापेक्षा नेहमी कितीतरी जास्त निघतात. सरकारी नोंद उघडी असल्यामुळे अमेरिकेत हे नाव लावून तपासता येतं. आणि थाप मारणारे कोण? अडाणी, बेफिकीर लोक नव्हेत. शिकलेले, राजकारणात रस असलेले, ज्यांना मतदान करायला हवं होतं असं मनापासून वाटतं ते. ज्याला त्याची लाज वाटत नाही तो बिनधास्त 'नाही केलं' सांगतो.

---

ओट्यावरचं_बिल

नमस्कार. खास या धाग्यासाठी आयडी काढला. हिमवाट यांची बायको.

दोन दुरुस्त्या. एक, मी बिल आपटत नाही, ठेवते. अंड्यांचे पैसे मी देते म्हणून मला भाव माहीत असतो, याला दुधाचाही माहीत नाही.

दोन, @पाटपोळी, तुमच्या प्रश्नाचं उत्तर फ्रिजवर आहे. माझ्या नावापुढे तिन्ही रकान्यांत 'मतदान केलं'. याच्या नावापुढे ऑगस्ट २०२४च्या प्रायमरीत 'केलं नाही'. त्या दिवशी संध्याकाळी हा 'येताना टाकून आलो' म्हणाला होता. पंधरा दिवसांनी एका चाचणीवाल्याचा फोन आला तेव्हाही मी स्वयंपाकघरात होते. 'ऑलवेज,' असं म्हणाला. दोनदा.

---

पाटपोळी

😂😂😂 वाचनखूण साठवली आहे.

---

सरळरेघ

वहिनी, जर्सीला याल तेव्हा जेवायला आमच्याकडे. हिमवाट आले तरी चालेल.

---

हिमवाट

मीटिंग लांबली होती. आणि समोरच्या आजोबांचं पत्र चुकून आमच्या पेटीत आलं होतं ते मी नुसतं वरवर बघितलं. त्यांच्या सगळ्या रकान्यांत 'केलं' आहे.